पाहुण्यांपुढे पालथा घातलेला वाडगा

मी एक जुना तांब्याचा वाडगा आहे, मित्रांनो, आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसू नका! ते मुद्दाम पाडलेले आहे. मोरोक्कोतल्या ॲटलस डोंगरापलीकडच्या आमच्या अमाझिघ लोकांच्या गावात झरा एकच आणि खजुराच्या बागा पुष्कळ. भरल्या बादलीत मला अलगद सोडायचे. भोकातून पाणी चढून मी बुडालो, की एकाची पाळी संपली. मग पाट दुसऱ्याच्या बागेकडे वळायचा.

पाटावर नजर ठेवायला गावाने तुदा आजीला नेमले होते. तिचा धाकटा भाऊ बास्सू दर पाळीला गयावया करायचा.

"ताई, थांब ना जरा! शेवटची चार झाडं राहिलीत."

"वाडगा बुडाला. पाट सोड."

"सख्ख्या भावालाही सूट नाही?"

"तुला सूट दिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

बास्सू बडबडत पाट सोडायचा. पण माझ्या मापावर त्यानेही कधी संशय घेतला नाही. मला त्याचा फार अभिमान वाटे.

फक्त पाहुण्याच्या पाण्याला माप लावायचे नाही, अशी गावाची रीत होती. पाहुणा आला की आजी मला पालथा घालायची.

एके सकाळी गाड्यांतून काही माणसे आली. वरच्या माळावर त्यांना कलिंगडे लावायची होती. पुदिन्याचा चहा झाल्यावर ते पाहुणे म्हणाले, "थोडं पाणी लागेल."

बास्सू आजीच्या कानाशी लागला. "ताई, यांना वाडगा लाव."

"पाहुण्यांपुढे माप काढू? लाज नाही वाटत?" आजी डाफरली आणि तिने मला पालथा घातला. कसे सांगू, मित्रांनो, त्या दिवशी मला वाचा हवी होती!

माळावर खोल विहिरी झाल्या, पंप बसले. झरा आटत गेला आणि बास्सूच्या बागेतली झाडे उभ्या उभ्या वाळली.

पुढे खोऱ्याच्या पाणी समितीची बैठक शहरात भरली. आमच्या गावाला बोलावणेच नव्हते. तरी आजी मला शालीत गुंडाळून तिथे गेली.

समितीचे साहेब शांतपणे म्हणाले, "आजी, पाणी तुम्हीच दिलंत ना?"

"पाहुण्याला दिलं, साहेब. पाहुणा पाणी पिऊन उठतो. हे उठतच नाहीत!"

"या समितीत गावांना जागा नाही," एवढेच साहेब बोलले.

अखेर गाव सोडण्यासाठी बास्सूने घर आवरले. ट्रकपाशी आजीने त्याचा हात धरला. "माझंच चुकलं रे."

"नाही ताई. आपण त्यांना पाहुणे मानलं. त्यांनी आपल्याला घरमालक मानलंच नाही."

मित्रांनो, मला घासूनपुसून शोभेसाठी कपाटात ठेवू नका. त्यापेक्षा पाण्याचा निर्णय कराल तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या ते वाटून घेणाऱ्यांना आधी बोलवा, शेजारी बसवा आणि त्यांचे ऐका. आजी अजूनही रोज मला घेऊन कोरड्या पाटावर जाते. तिच्याशी पाण्यावरून भांडायलाही आता कुणी उरलेले नाही.