पहिला घोट यजमानाचा

…पितळेचा तो पेला असा लखलखीत घासलेला की त्यात ग्यूचोलचं नाक तेवढं दिसत होतं, बाकी चेहरा कडेवरून ओघळून गेलेला — आणि हा मुठीत मावेल एवढा पेला धरायला दोन हात लागतात, बाबा धरायचे तसे, कोपरं अंगाशी, बोटं स्थिर. बोटं स्थिर! व्यसनमुक्ती केंद्रातून परत आल्यापासून घरादारानं त्याची बोटंच तर पाहिली होती. आई सूप वाढताना पाहायची, शेजारीण नमस्कार करताना पाहायची… आणि आज नवीन वर्षाची सकाळ, समोर पूर्वजांसाठी मांडलेलं मेज, मागं सगळं घर रांगेत उभं. पाठीलासुद्धा डोळे टोचतात, हे त्याला आजच कळलं.

बाबा गेल्या शरदात गेले. थोरला मुलगा तो, म्हणजे यंदाचा यजमान तो. आणि पूर्वजांना दाखवलेल्या दारूचा पहिला घोट यजमानानं घ्यायचा, त्या घोटातून त्यांचा आशीर्वाद उतरतो, त्याआधी घरात कुणी घाससुद्धा घ्यायचा नाही. आठवडाभर तो मनाशी हेच घोळवत होता — एक घोट. ते काय पिणं आहे? मी थोडाच पिणार, घराणं पाजणार!

धाकटी बहीण युनह्वा किटली घेऊन शेजारी गुडघ्यांवर बसली.

"मुलीच्या जातीनं ओतायची?" काका मागून पुटपुटले. "आमचे दादा असते तर…"

"बाबा असते तर एव्हाना ओरडले असते, आटपा, सूप गार होतंय म्हणून," युनह्वा म्हणाली. "दादा, पेला पुढं कर."

धार पडली. आणि पडता पडताच त्यानं ओळखलं. अख्खी उमेदीची वर्षं ज्यानं ही धार ऐकण्यात घालवली त्याला काय ओळखायचं शिकवता? तांदळाची दारू जरा जड उतरते, वास तिच्या आधी पोचतो. ही नुसती खळखळली. वास कसलाच नाही…

पाणी.

पेला उदबत्तीच्या धुरावरून फिरवताना त्यानं आईकडं पाहिलं. ती मेजावरच्या वाळक्या माशाचं तोंड सरळ करत होती. ते मुळात सरळच होतं.

एवढाही विश्वास नाही? राग आला, लालबुंद राग, आणि त्या रागाखाली — अरे, हे काय? — जत्रा रद्द झालेल्या पोरासारखं काहीतरी भोकाड पसरून बसलेलं. म्हणजे मी वाट बघत होतो. आशीर्वादाची नव्हे. घोटाची.

मग लगेच तो दुसरा, शहाणासुरता विचार: बाबांचं तिकडचं हे पहिलंच नवीन वर्ष, आणि बाबांना पाणी? जन्मभर जेवणाआधी एक पेला घेणाऱ्या माणसाला? कुठल्याही चांगल्या मुलानं म्हणावं, आई, खरी आण. त्यानं तोंड उघडलं… तर तोंडाला पाणी सुटलेलं. त्यानं ते तसंच मिटलं. हा बोलतोय तो मुलगा की बेवडा? दोघांचा आवाज एकच, दोघंही बापाचं नाव घेतात. कपाळ चटईला टेकवून तो वाकला, चटईच्या वासात थोडा वेळ लपला, पण वाकलेल्या माणसाला उठावंच लागतं.

"हं, यजमान!" काका खुशीत आले. "घे आता. एका पेल्यानं कोण मरतंय!"

वडीलधाऱ्यांसमोर तोंड फिरवून प्यायचं असतं. भिंतीकडं वळून तो प्यायला. घसा जळायची वाट पाहत राहिला, उगाच.

"बघा! उगाच ते केंद्रबिंद्र. चांगला धडधाकट आहे आमचा पुतण्या. चला, दुपारी सगळ्यांच्या घरी जाऊ, दोघं मिळून पिऊ!"

आणि काकांनी आपला पेला पुढं केला. गप्प राहिलं तर क्षणभरात काका पाणी पितील आणि तो खोटा ठरेल. बोललं तर आईचं बिंग फुटेल.

"काका, ते पाणी आहे," तो म्हणाला. "माझ्यामुळं. मी दारू तोंडाला लावू शकत नाही. एक घोटही नाही."

"दादांना… पाणी पाजलंत?" काकांचा आवाज फाटला. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "माझ्या गाडीत बाटली आहे, चांगल्यातली. आणतो. पुन्हा मांडू सगळं."

आई दारात उभी. ती काही बोलणार नाही, दिराला ती कधीच बोलली नाही.

"बसा, काका." आवाज मोठा नव्हता. "यंदाचा यजमान मी आहे. पूजा झाली."

काका पुटपुटत, कण्हत, पण बसले. युनह्वानं श्वास सोडला. आईनं तांदळाच्या चकत्यांचं सूप आणलं, वाटी ठेवताना तिनं त्याच्या बोटांकडं पाहिलं नाही. वाफ तोंडावर आली. सगळं नीट झालं होतं, आणि तरीही… काका बसले नसते तर आपल्याला आनंद झाला असता, हे त्याला इतकं लख्ख कळलं की चमचा जड झाला. ते कुणाला सांगायचं? काका अगदी समोर बसून भुरके मारत होते, आणि ग्यूचोल कान देऊन ऐकत होता — बाहेर गाडीचं दार उघडतंय का.