खेकड्याला घातलेली हाक

मी सांगतो ते कुणी खरं धरणार नाही. शपथ घेऊन सांगितलं तर त्याहून नाही. काल ओट्यावर लालासाहेब आणि आप्पासो बसले होते, त्यांनाही हेच बजावलं. पण दहिवडीकडचा मेंढपाळ मी, आणि आपल्या किनाऱ्यावर कधीच नोंद न झालेला एक खेकडा माझ्यामुळं बाटलीत गेला.

साल त्र्याण्णव. रत्नागिरीहून सर्वेक्षणाची बोट निघायची. समुद्राच्या तळावरून जाळं ओढायचं, येईल ते डेकवर ओतायचं, मग बोटीवरच्या शास्त्रज्ञ नीलिमाबाई भिंगातून एकेक जीव तपासायच्या. मी जाळं ओढायच्या कामाला. पहिले तीन दिवस ओकण्यापलीकडं मी काही केलं नाही. बोटीचा मुख्य, टंडेल, म्हणाला, "उद्या बंदर आलं की उतरायचं. समजलं?" गावाला तर सांगून आलेलो, आता सरकारी बोटीवरच म्हातारा होणार! कोणत्या तोंडानं परतू?

त्याच दुपारी जाळं डेकवर रिकामं केलं. चिखल, कोळंबी, खेकड्यांचा ढीग. चिखल, डिझेल आणि बाटल्यांतलं स्पिरिट, तो वास अजून नाकात बसलाय. बाई म्हणाल्या, "सगळे एकाच जातीचे."

"न्हाई बाई. ह्यो दुसऱ्या कळपातला हाय."

परकं मेंढरू कळपात घुसलं की तोंडावरून कळतं, तसंच.

बाईंनी भिंग लावलं आणि खालीच बसल्या. "आण्णा, ह्याची इथं नोंदच नाही! पण दोन्ही नांग्या तुटल्यात हो. धड एखादा मिळाला तरच छापता येईल. तेवढा शोधा, टंडेलाशी मी बोलते."

शेवटचं जाळं वर आलं. ढीग कमरेइतका, दिवस कलायला आलेला. शोधणार कवा? ढिगापुढं उकिडवा बसलो, जीभ टाळ्याला लावली आणि माळावरची हाक घातली, "हिर्र्यो!" काय सांगू गड्यांनो, अख्ख्या ढिगातून त्या जातीचा एकटा बाहेर आला. नांग्या धड, थेट माझ्या पायाशी! शाई स्पिरिटात विरघळते म्हणून बाईंनी पेन्सिलीनं चिठ्ठी लिहिली, बाटलीत सोडली, आणि मी पुढं पाच वर्षं त्या बोटीवर काढली. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

काल एवढं सांगून झालं तेव्हा लालासाहेब आणि आप्पासो माना डोलवत होते. उंबऱ्यात हुलगे निवडत बसलेली आमची रंगूबाई मात्र सूप खाली ठेवून हसायला लागली.

"आवं, घरची सोळा मेंढरं तुमच्या हाकेला कवा वळली न्हाईत. मी हाक मारायची, तवा वळायची!"