आर्डिसच्या बागेतली ओली रेघ

मी एक जुना, हिरवा, रबरी पाइप आहे. बागेला पाणी घालायचा. हसू नका मित्रांनो, एके काळी अमेरिकेत आयोवातल्या या लहानशा गावात, निदान आमच्या अंगणात तरी, माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

मला लाइल टोलेफसनने दुकानातून पारखून आणलं. लाइलचा सगळा जीव त्याच्या हिरवळीत. संध्याकाळ झाली की तो मला खांद्यावर टाकून बाहेर पडायचा. पलीकडून शेजारचा वेंडेल क्रूस आपला पाइप घेऊन कुंपणाशी यायचा. दोघांची हिरवळ सारखीच गुळगुळीत, आणि दोघांचाही डोळा दुसऱ्याच्या हिरवळीवर.

"लाइल, पाइप असावा तर तुझ्याकडे आहे तसा! माझा नुसता थुंकतो," वेंडेल म्हणायचा. मी पाण्याने फुगलेला असायचोच, त्यात आणखी फुगायचो.

पुढे लाइल वारला. त्याची बायको आर्डिस एक हिवाळाभर खिडकीत बसून राहिली आणि वसंत आल्यावर तिने ती हिरवळ उपटून काढली. मग या मातीत नांगर येण्याआधी जे उगवायचं, ते तिने पुन्हा पेरलं. माणसाच्या डोक्यावरून जाणारं प्रेअरीचं, म्हणजे इथल्या मूळ माळरानाचं गवत, जांभळ्या पाकळ्यांची उंच फुलं, रुईसारखा चीक गाळणारी झाडं. त्या दिवसापासून वेंडेल कुंपणाकडे पाठ करून पाणी घालू लागला.

पहिल्या उन्हाळ्यात रोपं जगवायला आर्डिस मला रोज बाहेर काढायची. दुसऱ्या उन्हाळ्यात कधीमधी. मग एका वर्षी पावसाने दडीच मारली. गावात बागेला पाणी घालायची बंदी झाली. वेंडेलची हिरवळ करपून गेली, आणि आमची बाग मात्र फुलांनी वेडी झाली होती! त्या झाडांची मुळं माणूस उभा पुरला तरी उरतील इतकी खोल गेली होती. त्यांना माझी गरजच उरली नव्हती.

मला राग यायला हवा होता. पण गॅरेजच्या खिडकीतून मी बघत राहिलो. केशरी फुलपाखरं चिकाच्या झाडांवर अंडी घालत होती, गुबगुबीत केसाळ भुंगे फुलांत डोकी खुपसत होते, पिवळे पक्षी बिया टिपत होते. कोणाकडे काही न मागता ती झाडं सगळ्यांना देत होती. खरं सांगतो, मी त्यांच्या प्रेमातच पडलो.

माझं काय झालं? मी खिळ्यावर लटकलो. आमच्या गल्लीत गोठवणारी थंडी यायच्या आत सगळे आपापले पाइप रिकामे करतात. आर्डिस मला विसरली. जे वापरातच नाही, ते कोण लक्षात ठेवतं? पोटातल्या पाण्याचा बर्फ झाला आणि माझ्या मधोमध केसासारखी एक चीर गेली. बाहेरून ती कोणाला दिसली नाही.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये आर्डिस स्वयंसेवक अग्निशमन दलाच्या कार्ला सोबोत्काला घेऊन आली, बाग मुद्दाम पेटवायला. ते पाहून वेंडेल इतक्या वर्षांनी कुंपणाशी आला.

"अगं आर्डिस, पोटच्या पोरासारखी जपलीस ना ही बाग? आणि आता आग लावतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"प्रेअरीला आग हवीच असते रे. नाहीतर परकं गवत आणि झुडपं तिला गिळून टाकतात. बघ, कशी घुसलीयेत!"

"आणि आगीनं माझं कुंपण गिळलं तर?"

"म्हणूनच पाइप तुझ्या हातात देतेय. ज्याला जास्त भीती, त्यानंच पाणी धरावं!"

कार्ला खो खो हसली. "मिस्टर क्रूस, घ्या आता. सुटका नाही तुमची."

गावाच्या कौन्सिलने एकदाच परवानगी दिली होती. आग आखलेल्या हद्दीबाहेर गेली, तर बाग नांगरून तिथे पुन्हा हिरवळ लावायची. आर्डिसची स्वतःची एक अट होती: फक्त निम्मी बाग जाळायची. वेंडेलच्या कुंपणाकडची निम्मी तशीच ठेवायची, कारण तिथल्या वाळक्या काड्यांत एकएकट्या राहणाऱ्या इवल्या मधमाश्या झोपल्या होत्या आणि देठांना फुलपाखरांचे कोष चिकटले होते. मधल्या रेघेवर मी पाणी शिंपडत राहायचं. इतक्या वर्षांनी काम मिळालं म्हणून मी कोण खूश!

कार्लाने काडी लावली. वाळलं गवत तडतडत पेटलं. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात वारा फिरला आणि ज्वाळा आमच्याकडे वळल्या.

"रेघ ओली ठेवा!" कार्ला ओरडली.

नेमकी तेव्हाच माझी चीर फाटली. पाणी मधूनच उसळलं आणि तोंडाशी नुसते थेंब राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेंडेलचा स्वतःचा पाइप त्याच्या कुंपणाशी तयार होता. त्याने मला टाकून आपलं कुंपण भिजवलं असतं, तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. त्याने एकदा तिकडे पाहिलं. मग तो धपकन चिखलात गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही मुठींनी माझी चीर आवळून धरली.

"आर्डिस, तोंड तू धर! मी इथं दाबतो!"

"अरे, गारठशील!"

"धर म्हणतो ना! लाइलचा पाइप आहे, असा कसा दगा देईल!"

बर्फासारखं पाणी त्याच्या बाह्यांतून आत शिरत होतं. पण त्याची पकड सुटली नाही. माझ्या तोंडातून पुन्हा धार निघाली. आर्डिस रेघ भिजवत गेली. आग तिथवर आली, चरचरली आणि विझली.

बाग अर्धी काळी झाली होती, अर्धी जशीच्या तशी उभी होती. आर्डिसने ओल्याचिंब वेंडेलला आत नेऊन तिखट राजम्याचा वाडगा आणि दालचिनीचा गोड रोल पुढे ठेवला. "चला, या वर्षीची अंघोळ तरी झाली तुझी," ती म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. वेंडेल मान खाली घालून रोल खात राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा फाटका तुकडा कापून पितळी जोड बसवला. मे महिन्यात काळ्या मातीतून हिरवे कोंब वर आले. एका सकाळी वेंडेल न जळलेल्या काड्यांपाशी उभा होता. एका काडीच्या टोकाचं मातीचं बूच फुटलं आणि आतून एक मधमाशी बाहेर आली. ती अंग झटकत त्याच्या बाहीवर बसली.

"थांब जरा, अजून गार आहे," तो तिला म्हणाला. ऊन वर येऊन तिचे पंख तापेपर्यंत त्याने तो हात हलवला नाही.

मित्रांनो, ज्यांच्यावाचून आज तुमचं अडत नाही, त्यांनाही नीट जपून ठेवा. वेळ सांगून येत नाही. आणि बाग साफ करताना वाळकी काडी उपटण्याआधी क्षणभर थांबा. आत कोणीतरी झोपलेलं असेल.