वाळ्यांचा अर्ज

कल्पिता चौथ्यांदा ठाण्याला बँकेत गेली, तेव्हा आईला बरोबर घेऊन गेली. आधीच्या तिन्ही वेळा तिने आवडाबाईंना टिटवाळ्यालाच ठेवलं होतं. म्हातारीचे गुडघे कामातून गेलेले. पण वसुली विभागातल्या केदार साहेबांनी बजावलेलं, "मूळ माणसाला आणा. ऐकीव गोष्टीवर परवानगी मिळत नाही."

गोष्ट ऐकीव खरीच, कारण ती कल्पिताच्या जन्माआधीची होती. आवडाबाईंचा पहिला मुलगा पाच महिन्यांचा होऊन गेला. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, म्हणून घरामागच्या चिंचेखाली त्याला पुरलं. पायातले चांदीचे वाळे काढायला कुणाचा हात धजला नाही. पुढे काकाने ती जागा बिल्डरच्या घशात घातली. बिल्डरने घर पाडलं, चिंच तोडली, पत्रे ठोकले आणि स्वतःच बुडाला. जागा बँकेने ताब्यात घेतली. आता तिचा लिलाव निघाला होता. घेणारा तळघर खणणार, हे उघड होतं. त्याआधी आवडाबाईंना पोराला नदीकाठच्या स्मशानात न्यायचं होतं. चिंचेचं खोडही उरलं नव्हतं. जागा नेमकी सापडली तर त्या वाळ्यांवरूनच. शहाडचा मयूर जमिनीतले जुने पाइप शोधायला मेटल डिटेक्टर फिरवायचा, तो फुकट यायला तयार होता. अडलं होतं ते बँकेच्या कागदावर.

"म्हणजे जमिनीत दागिने आहेत," केदार साहेब म्हणाले.

"दागिनं नाय साहेब. माज्या पोराचं वाळं हायेत."

"चांदीचे ना आजी? मग दागिनेच. अर्जात तसं लिहा, नकाशावर जागा दाखवा. आणि जे सापडेल ते बँकेत जमा करू, हेही लिहा."

कल्पिता उसळली. "हाडंपण जमा करून घेणार का?"

आईने तिचा हात दाबला. "लिव गो. मना वाळं नको. पोर पायजे."

कल्पिताने लिहिलं. आवडाबाईंनी नकाशावर बोट ठेवलं, विहिरीपासून बारा पावलं. मुलीने तिथे लाल पेनाने गोल काढला. साहेबांनी तीन प्रती मागितल्या: एक ऑफिसला, एक लिलाव करणाऱ्याला, एक जागेवरच्या वॉचमनच्या एजन्सीला.

परवानगी यायला सात आठवडे लागले. त्या सकाळी आवडाबाईंनी नवं पांढरं फडकं घडी करून पिशवीत ठेवलं. केदार साहेब पंचनाम्याचे कागद घेऊन आले. वॉचमनने पत्र्याचं दार उघडलं आणि खुर्ची उचलून लांब जाऊन बसला.

विहीर जागेवर होती. तिच्यापासून बारा पावलांवर छातीइतका खोल खड्डा होता. आजूबाजूला आणखी चार. माती नुकतीच उपसलेली, कडांवर फावड्याचे घाव ओले.

"हे काय?" कल्पिता वॉचमनवर धावून गेली.

"कुत्री खणतात, मॅडम."

"फावडं घेऊन?"

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. केदार साहेब म्हणाले, "एजन्सीला विचारावं लागेल." मग घड्याळात बघितलं.

मयूरने तरी डिटेक्टर फिरवला. खड्ड्यात उतरला, ढिगारे पिंजून काढले. एकदा यंत्र वाजलं, तर गंजलेला खिळा निघाला. आवडाबाई ढिगाऱ्याशी फतकल मारून बोटांनी माती चाळत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी काहीतरी पांढरं उचललं, तळहातावर धरलं.

"कल्पे, बघ गो. माज्या डोल्यांना दिसत नाय."

कल्पिताने बघितलं. लादीचा तुकडा होता. तिला खोटं बोलावंसं वाटलं, आणि बोलता आलं नाही. "नाय आई," ती म्हणाली. आवडाबाईंनी तो तुकडा टाकून दिला आणि पुन्हा मातीत हात घातला.

दुपारी केदार साहेबांनी पंचनामा वाचून दाखवला. "सदर जागेत काहीही नव्हते."

"काय नाय गावला, असा लिव," आवडाबाई म्हणाल्या. "काय नव्हता, असा नको लिवू."

"आजी, फॉरमॅट ठरलेला असतो. अर्थ एकच."

"एक नाय."

"आणि या खड्ड्यांचं?" कल्पिताने विचारलं. "नकाशा तुमच्याकडेच दिलेला आम्ही. गोल करून."

"त्याचा या पंचनाम्याशी संबंध नाही," साहेब म्हणाले. त्यांनी शाईचा पॅड उघडून पुढे केला. आवडाबाईंनी मातीने भरलेले दोन्ही हात पदराखाली घेतले. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि शेवटची ओळ स्वतःच लिहिली: अर्जदाराने अंगठा देण्यास नकार दिला.