डॉक्टरांच्या टेबलापुढचे स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे, मित्रांनो. पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी राहतो म्हणा, राहते म्हणा, मला चालते.

तुडीलच्या काशीराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. चारही पाय पुन्हा पुन्हा तासत तो म्हणाला होता, "यावर बसनारा आदीच आजारी असनार. ह्यानं तरी डुगडुगता कामा नये." मी आजवर कधी डुगडुगले नाही. याचा मला थोडा गर्व आहे, तेवढा असू द्या.

माझी जागा डॉक्टरांच्या टेबलापुढे होती. वरच्या वाड्यांवरची माणसे दोन-दोन तास डोंगर उतरून येत आणि माझ्यावर टेकत. त्यांची एक रीत आहे. खरे दुखणे ती आधी सांगतच नाहीत. आधी भात, मग म्हैस, मग मुंबईचा मुलगा. उठता उठता, गुडघ्यावर हात ठेवून, खरे काय ते बाहेर येते.

डॉ. विनीत नवे आले तेव्हा त्यांना ही रीत लवकर कळली. बनुबाई गुडघे दाखवायला आली होती. सगळ्या घरादाराच्या गोष्टी सांगून झाल्यावर उठताना म्हणाली, "दोनदा चुलीपुडं भवंड आली वो." डॉक्टरांनी तिला परत बसवले, भोवळ कशाने येते ते पाहायला रक्त तपासले आणि तीन महिन्यांत बरी केली. त्यानंतर ती त्यांना वाल आणून द्यायची.

मग दवाखान्यात त्यांच्या जोडीला असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांची बदली झाली आणि ती जागा भरलीच नाही. दिवसाला दीडशे माणसे आणि एकटे विनीत. त्यांचा डबा न उघडता घरी जाऊ लागला. शर्मिला सिस्टर रोज म्हणायच्या, "सर, दोन घास खाऊन घ्या." ते मान हलवायचे आणि पुढचा कागद ओढायचे. एका सोमवारी ते वैतागून म्हणाले, "हे स्टूल काढा आधी. बसले की उठत नाहीत. उभे राहिले की लाइन सरकते."

मला कोपऱ्यात ठेवून माझ्यावर सलाईनची खोकी रचली. लाइन खरोखरच भराभर सरकू लागली. मला राग आला होता. पण त्यांचे सुजलेले डोळे दिसायचे आणि तो राग टिकायचा नाही.

बनुबाई त्यानंतर तीनदा आली. तिन्ही वेळा तिने माझ्या रिकाम्या जागेकडे पाहिले. "गुडगं दुखतात," एवढे म्हणून ती उभी राहिली. तिने पदर छातीशी घट्ट धरला होता. मागून कोणीतरी म्हणाले, "चल गो, आटप." गोळ्या घेऊन ती गेली.

तिच्या छातीत गाठ होती. मुंबईला मुलाने दाखवले तेव्हा फार उशीर झाला होता. गणपतीच्या आधी बनुबाई गेली.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा हैबती आला. त्याने टेबलावर पिशवी ठेवली. "गोळ्या उरल्यात. दुसऱ्या कुनाच्या गुडग्याला व्हतील."

"बसा, बाबा," डॉक्टर म्हणाले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"नको. लाइन हाय भायेर."

डॉक्टर स्वतः उठले. खोकी खाली ठेवली, बाहीने माझ्यावरची धूळ पुसली आणि मला टेबलापुढे आणले. हैबती कडेला टेकला. बाहेर कुजबुज सुरू झाली. तो भाताबद्दल बोलला. म्हैस आटल्याचे बोलला. मुलगा किशोर मुंबईला बोलावतोय, पण जायचे मन नाही, हेही बोलला. डॉक्टर ऐकत राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून तो उठू लागला.

"गाठ हाय ते तिनं मला पन नाय सांगितलं. म्हनायची, खाली दाक्तर हाय, बसवून घेतो, त्यालाच सांगेन."

डॉक्टरांनी टेबलावर डोके टेकले. त्यांचे खांदे हलत होते. शर्मिला सिस्टरांनी दार लोटून घेतले. हैबतीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"जेवलास काय रे?"

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी फार वाईट वाटले. तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले तर माणसाला बसवून घ्या. कोणी मोठे साहेब झाले तर अशा दवाखान्यातली रिकामी जागा आधी भरा, एका माणसाला दीडशेंपुढे एकटे सोडू नका.

मी त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. हैबतीला सगळे सांगायला अकरा मिनिटे लागली.