घरघंटीचा पुसलेला नंबर

अमळनेरच्या त्या गल्लीत पुष्पाबाईंना कोणी मत विचारत नसे, कारण तेवढी उसंतच मिळत नसे. विचारायच्या आधीच मत समोर येऊन पडलेलं असे. बाजारात नवीन काही आलं की त्यावर पुष्पाबाईंचा निकाल ठरलेला, आणि तो गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिल करणाऱ्या पोरानं मोबाइल नंबर मागितला, तर अहिराणीत म्हणाल्या, "मी काय आठे स्थळ देखाले येल शे का, नंबर देवाले?" सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देणाऱ्या किराणावाल्याला त्यांनी महिनाभर साठवलेली चॉकलेटं पुड्यात बांधून साखरेच्या बदल्यात दिली. मोबाइलमध्ये "मी अटी वाचल्या आहेत" असं लिहून येतं, त्याचा तर त्यांना भारी राग. "न वाचता वाचल्या म्हणायला लावतं. सुरुवातच खोट्यापासून. मग ते यंत्र आपल्याशी खरं कशाला बोलेल?"

तर अशा पुष्पाबाई म्हणजे गल्लीच्या बिनपगारी वकील. कोणाचा पंखा फिरेना, कोणाची चप्पल आठ दिवसांत उसवली, की बिल घेऊन लोक त्यांच्या ओट्यावर. रतिलाल कापडवाल्यानं दुकानात पाटी लावली होती, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." पुष्पाबाईंनी त्याला भर दुकानात अर्धा तास कायदा शिकवला. पाटी अजून आहे, पण पुष्पाबाई चौकात दिसल्या की रतिलाल ती उलटी करून ठेवतो.

गल्लीत त्यांचं फक्त एकाशी कधी जुळलं नाही, ते म्हणजे कोपऱ्यावरचा अन्वर मिस्त्री. मिक्सर, कूलर, इस्त्री, जे येईल ते तो उघडायचा. पुष्पाबाईंचं म्हणणं, वस्तूचं सील तुटलं की वस्तूची अब्रू गेली. बिल जपावं, कार्ड जपावं, कंपनीकडून नाक घासून काम करून घ्यावं. अन्वरचं म्हणणं बरोबर उलटं. "अक्का, जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही ती आपली नसते. आपण तिचे नुसते राखणदार." दहा वर्षं हे भांडण चालू होतं आणि दोघांनाही ते संपवायची घाई नव्हती.

पुष्पाबाईंच्या घरात सगळ्यांत लाडकी वस्तू म्हणजे घरघंटी. थोरली, एकुलती, काय म्हणाल ती लेक सारिका. तिनं नाशिकला नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला ती घेतली होती. पुष्पाबाईंनी उभा जन्म गिरणीत रांग लावली, बाजरीच्या डब्यात कोणाच्या तरी मिरचीचं दळण शिरलं की भांडण केलं. आता घंटी घरात आली. दाणे वरून टाकायचे, पीठ खाली घ्यायचं. मोटरची पाच वर्षांची हमी. त्या यंत्राबद्दल मात्र पुष्पाबाईंचं एकही वाईट मत नव्हतं.

यंदा सारिका लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी येणार होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशातल्या लेकींचा सण. सासरी कितीही सुख असो, आखाजीला लेकीचा पाय माहेरच्या उंबऱ्यात पडला पाहिजे, निंबाच्या फांदीला झोका बांधला पाहिजे आणि खापरावरचे मांडे झाले पाहिजेत. पुष्पाबाईंनी लेकीला फोनवर सांगून ठेवलं होतं, यंदाच्या मांड्यांचं पीठ तुझ्याच घंटीवर दळणार. मांड्यांच्या पिठासाठी गहू ओलवून मग सुकवतात. पुष्पाबाईंनी ते ओलवले, सुकवले, आणि आखाजीच्या आठ दिवस आधी घंटीत ओतले. घंटी दोन मिनिटं गुरगुरली, एकदा कण्हली आणि गप्प झाली.

"मोटर गेली वाटतं," त्यांचे यजमान लोटन आबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"गई तं गई. हमी शे ना," पुष्पाबाई म्हणाल्या. तेवढ्यात सारिकाचा फोन आला, तर तिलाही सांगून टाकलं, तेही ओट्यावर उभं राहून, सगळी गल्ली ऐकत असताना. "कंपनीनी मोटर फुकट बदली नही दिधी ना, तर मी मन्हं नाव बदलसू."

शब्द गेला. आता तो परत घ्यायची सोय नव्हती. विकलेल्या मालासारखंच ते.

कंपनीच्या नंबरावर एक गोड यांत्रिक आवाज आला. "नमस्कार, मी तुमची मदतनीस तारा. आपली अडचण थोडक्यात सांगा." पुष्पाबाईंनी ती थोडक्यात नाही, पण अहिराणीत सांगितली. तारा म्हणाली, क्षमा करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगितली. तारा पुन्हा क्षमा मागू लागली. तिसऱ्या खेपेला पुष्पाबाई म्हणाल्या, "बठ्ठा खान्देशमा घंट्या इकतस, आनि इकत घेनारानी भाषा समजत नही? निदान क्षमा मांगाले तरी मानूस ठेवा." मग लोटन आबांनी फोन घेऊन छापील मराठीत दोन वाक्यं सांगितली आणि तक्रार नोंदली गेली. पुढचे चार दिवस रोज संदेश यायचा, आमच्या सेवेला किती चांदण्या द्याल? सेवाच झालेली नव्हती. पुष्पाबाईंचं मत पडलं की जेवायला वाढण्याआधी ढेकर मागणारे लोक पहिल्यांदाच पाहिले.

पाचव्या दिवशी सकाळी धुळ्याहून प्रेमराज आला. तिशीतला, घामेजलेला, पाठीवर कंपनीची पिशवी. दोन वर्षांपूर्वी घंटी बसवायलाही तोच आला होता. पुष्पाबाईंनी त्याला पाणी दिलं, मग बिल दिलं, मग कार्ड दिलं. पत्त्यांच्या डावात एकेक हुकूम टाकावा तसं. दारात पाच-सहा बाया जमल्या होत्या. कोपऱ्यावरून अन्वरही गंमत बघायला येऊन उभा राहिला.

"कार्ड बरोबर आहे अक्का, पण यावर मशीनचा नंबर दुकानदारानं लिहिलाच नाही," प्रेमराज म्हणाला. "रकाना कोरा आहे. बिलावरही नाही. हरकत नाही, मशीनच्या मागे स्टिकर असतो. त्याचा फोटो काढून कंपनीला पाठवला की पुढचं काम सुरू."

त्यानं घंटी भिंतीपासून ओढली, मागे वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

मागच्या बाजूला जिथे चंदेरी स्टिकर होता तिथे लालभडक कुंकवाचा थर होता. मध्ये हळद, वर तेलाचे ओघळ, आणि त्यावर बोटानं काढलेलं स्वस्तिक. दोन दसरे, दोन लक्ष्मीपूजनं आणि मधल्या कितीतरी शुक्रवारांची पूजा त्या दोन बोटं जागेवर झाली होती. पुढून कुंकू लावलं तर पिठात पडतं, म्हणून मागे. आणि मागे सगळं काळं, चमकतं असं एकच ठिकाण. देवाला आपण काळ्या जागेवर थोडंच पूजतो?

प्रेमराजनं ओलं फडकं घेऊन हलक्या हातानं पुसलं. कुंकू निघालं. कुंकवाबरोबर नंबरही निघाला. फडक्यावर लाल डाग आणि त्यात काळी शाई.

"हे कोणी लावलं?" त्यानं विचारलं.

पुष्पाबाईंनी एकदा आजूबाजूला पाहिलं. दारात बाया, बायांच्या मागे अन्वर, तीन दिवसांनी लेक आणि मध्ये तो नाव बदलायचा शब्द. आणि तोंड म्हणजे सवयीचं हत्यार. ते आपोआप चाललं.

"कोणी लावलं ते सोड," पुष्पाबाई पोरांना रागवावं तसं ठणकावून म्हणाल्या. "पाच वर्षांची हमी आणि दोन वर्षांत नंबर पुसला जातो? शाई कच्ची वापरली तुम्ही. तसं लिही. स्टिकर आपोआप गेला, ग्राहकाचा हात लागलेला नाही. नाहीतर मी ग्राहक मंचात जाईन."

बायांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. अक्का जिंकणार, यात कोणालाच शंका उरली नाही.

प्रेमराज खाली बसला. त्यानं मोबाइल पुढे केला. "अक्का, इथे लिहिता येत नाही. दोनच पर्याय आहेत. एक, ग्राहकाची चूक. दुसरा, बसवताना तपासलं नाही." त्यानं घाम पुसला. "बसवणारा मी आहे. दुसरा दाबला तर तुम्हाला मोटर मिळेल. माझ्या नावावर तिसरा शेरा पडेल. तीन शेरे झाले की कंपनी पिशवी परत घेते. पण तुम्ही म्हणत असाल की आपोआप गेला, तर मी दाबतो. तुम्हाला खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही."

आणि त्यानं खरंच बोट उचललं.

पुष्पाबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर त्या दुकानदारांशी भांडल्या, पण त्या भांडणात समोर नेहमी पाटी होती, काउंटर होता, कंपनीचं मोठं नाव होतं. आज समोर फडकं हातात धरलेला माणूस होता आणि त्या फडक्यावर त्यांचंच कुंकू होतं. न वाचता वाचलं म्हणायला लावणारं यंत्र त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती जरा जास्तच वाटली.

"थांब रे भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला नाही, पण दारातल्या सगळ्यांना ऐकू आला. "शाई चांगली व्हती. तठे कुंकू लावनारा हात मन्हाच शे. दाब पहिला."

प्रेमराजनं पहिला पर्याय दाबला. मोबाइलवर हिरवी खूण आली आणि पाच वर्षांची हमी दोन वर्षांतच संपली.

"आनखी एक," पुष्पाबाई म्हणाल्या. खरं बोलायला लागलंच आहे तर मग अर्धवट कशाला. "गहू बी जरा ओलाच व्हतात. माले घाई व्हती."

प्रेमराजनं मान वर केली. "ओले? मग मोटर गेलेलीच नसेल." तो हसू लागला. "पण मला हात लावता येत नाही. हमी गेलेलं मशीन उघडायला कंपनीची मनाई आहे. माझी भेट संपली. आता मी तुमचा पाहुणा. चहा मिळेल का?"

तो पाटावर भिंतीकडे तोंड करून बसला. समोर तिथीचं कॅलेंडर होतं. त्या कॅलेंडरलाच उद्देशून तो बोलू लागला. "एखाद्या हुशार माणसानं मागचे चार स्क्रू काढले, तर आत जाळी दिसेल. जाळीत ओल्या गव्हाचा लगदा बसलेला असेल. तो खरवडला आणि खालचं लाल बटण दाबलं तर बघावं काय होतं ते. मी आपलं सहज बोलतोय."

सगळ्यांच्या नजरा अन्वरकडे वळल्या. अन्वर पुष्पाबाईंकडे बघत होता. परवानगीशिवाय तो त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नव्हता. दहा वर्षं ऐकून घेतलं होतं त्यानं.

"देखी काय ऱ्हायना, भाऊ?" पुष्पाबाई म्हणाल्या. "पेचकस आन."

अन्वरनं चप्पल बाहेर काढली. आत येऊन घंटीपुढे मांडी घातली, चार स्क्रू काढले, सील फाडलं. सील फाटल्याचा आवाज झाला तेव्हा पुष्पाबाईंनी डोळे मिटून घेतले. आत कणकेचा गोळा अडकवल्यासारखा लगदा होता. अन्वरनं तो सुरीनं खरवडला, कॅलेंडरला सांगितलं होतं ते लाल बटण दाबलं आणि खटका चालू केला. घंटी अशी फिरली की भिंतीजवळचा चहाचा कप थरथरला.

"घ्या अक्का," अन्वर हात पुसत म्हणाला. "आजपर्यंत कंपनीची होती. आजपासून तुमची झाली."

पुष्पाबाईंनी त्याला मोठ्या कपात चहा दिला, हेच उत्तर. प्रेमराज निघताना त्यांनी त्याच्या पिशवीत लिंबाचं लोणचं घातलं आणि चांदण्या विचारणारा संदेश आल्यावर पाच द्या, पण कंपनीला नाही, याला द्या, असं लोटन आबांना बजावलं. तशी काही सोय त्या मोबाइलमध्ये नव्हती. आबांनी दिल्या आपल्या पाच.

आखाजीच्या आदल्या दिवशी सारिका आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं घंटीवरून हात फिरवला. "बदलली ना मोटर कंपनीनं?"

"नही बदली," पुष्पाबाई मांड्यांचं पीठ चाळता चाळता म्हणाल्या आणि लेकीला सगळं सांगितलं. कुंकू, शाई, आपलं खोटं, ते बोट, ओले गहू, काहीच गाळलं नाही. सारिका ऐकता ऐकता हसून लोळायची बाकी राहिली.

"मग आता नाव काय ठेवायचं तुझं?"

उत्तर द्यायच्या आत शेजारची भागाबाई दारात आली. काखेत मिक्सरचं भांडं, हातात बिल. "अक्का, चला हो दुकानात. आठ दिवसांत भांडं गळायला लागलं. चांगलं झाडा त्याला."

पुष्पाबाईंनी चाळणी खाली ठेवली, पदर खोचला. भागाबाईला वाटलं, निघाल्या. पण त्या तिच्यासमोर येऊन थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "येसू. पन पहिले माले खरं सांग. तू त्यामा काय दळं?"

भागाबाईनं एकदा भांड्याकडे पाहिलं, एकदा सारिकाकडे. मग बिलाची घडी घातली.

"राहू द्या," ती म्हणाली. "अन्वरभाऊंकडेच जाते."

पुष्पाबाई परत पिठाशी बसल्या. मांड्यांचं पीठ चाळून झालं तशा उठल्या, देवघरातला करंडा घेऊन घंटीमागे गेल्या आणि त्या कोऱ्या चंदेरी जागेवर कुंकवाचं ऐसपैस स्वस्तिक काढलं.

"आई, पुन्हा तिथेच?" सारिका ओरडली.

"आते कसानी भीती?" पुष्पाबाई म्हणाल्या. "आते ती आपली शे."