न वाचता दाबलेलं बटण

गल्लीत सगळे त्याला अपडेटराव म्हणत. फोन असो की मिक्सर, नवं काही आलं की पहिलं बटण हाच दाबणार. रोज सकाळी चहाबरोबर तो आईला विज्ञानाच्या बातम्या वाचून दाखवी आणि प्रत्येकीवर आपला निकालही देऊन टाकी. कानात श्रवणयंत्र लावून, मटार सोलत, आई कौतुकानं ऐके.

आज मात्र त्याचा पारा चढला होता. श्रवणयंत्राच्या कंपनीनं जाहीर केलं होतं, की नव्या अपडेटनंतर जुनी यंत्रं बंद पडतील.

"तीन वर्षांत जुनं? यंत्र ठणठणीत, बॅटरी भरलेली, आणि हे लांबून त्याचा गळा दाबणार? विकत घेतलंय की भीक मागितलीय? याला प्रगती म्हणायचं?"

आई नुसती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. सकाळपासून तिच्या कानात पाखराचाही आवाज शिरला नव्हता. शेवटी त्यानं सगळं कागदावर लिहून दिलं. तिनं चष्मा चढवून सावकाश वाचलं.

"वाटोळं होवो मेल्यांचं," ती म्हणाली. "पण बाळा, ते अपडेट दाबलं कुणी?"

त्याची मान खाली गेली. "मी," तो पुटपुटला.

"आँ?"

"मी, आई! मीच दाबलं, न वाचता!"

तो इतक्या जोरात ओरडला, की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून बघतच राहिला.